सेवा चालू, प्रार्थना थांबलेली: एका मराठी मंडळीतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका जुन्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीतील आहे. ज्यांच्याविषयी ते आहे त्या बाईंनी लिहिण्यास संमती दिली असून, त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले वा बदलले आहेत. लेखात त्यांना ‘ताई’ म्हटले आहे, कारण मंडळीतील लहानथोर त्यांना तशीच हाक मारतात. पाळकसाहेबांच्या विनंतीवरून मी जवळपास वर्षभर ताईंबरोबर नियमित बसत असे, त्यामुळे पुढे सांगितलेले बरेचसे माझ्यासमोर घडलेले आहे.

ताईंचे माहेर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडल्यानंतर त्या पट्ट्यात जी ख्रिस्ती कुटुंबे उभी राहिली, त्यांतलेच हे एक. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. रात्री जेवणापूर्वी कुटुंबप्रार्थना, पेटी आणि टाळांच्या साथीने ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने आणि रविवारी शेताला सुट्टी या वातावरणात त्या वाढल्या. लग्नानंतर त्या पुण्यात आल्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या आणि पहिल्याच वर्षी मंडळीच्या संडे स्कूलमध्ये शिकवू लागल्या. त्यानंतर त्यांच्याकडे कामे येत गेली, आणि आलेले काम त्यांनी कधी परत पाठवले नाही.

प्रकरण सुरू झाले तेव्हा ताईंचे वय ४८ होते. संडे स्कूलची जबाबदारी, महिला मंडळाचे सेक्रेटरीपद, गायनवृंद, आजाऱ्यांच्या भेटी, मे महिन्यातील व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतील मुलांचे बायबल वर्ग) आणि हंगामाच्या सणाला अर्पण म्हणून आलेल्या भोपळ्यांपासून केकपर्यंतच्या सगळ्या वस्तूंचा लिलाव, एवढे सारे त्यांच्याकडे होते. बुधवारी घरगुती प्रार्थनासभा, शुक्रवारी महिला मंडळ, शनिवारी गाण्याचा सराव आणि रविवारी सकाळी आठपासून दुपारी कमिटी उठेपर्यंत मंदिर, असा त्यांचा आठवडा शाळेच्या नोकरीभोवती बसवलेला होता. मंडळीच्या वार्षिक अहवालात त्या वर्षी त्यांचे नाव सात ठिकाणी छापले गेले होते.

ही कामे पोकळ नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना आजही स्तोत्रे पाठ येतात, आणि ज्या घरात आजारपण आले तिथे ताई डबा घेऊन पोहोचल्या नाहीत असे कधी झाले नाही. मंडळीतील कामाला कमी लेखून अध्यात्माची थोरवी सांगणारे लेखन मी वाचले आहे. या प्रकरणाकडे त्या नजरेने पाहणे ताईंवर अन्याय करणारे ठरेल.

अडचण कशी पुढे आली

पहिली खूण बाहेरून दिसली, पण तिचा अर्थ कोणी लावला नाही. दिवाळीच्या सुमारास संडे स्कूलमधील दोन तरुण शिक्षिका एका महिन्यात काम सोडून गेल्या. कमिटीने त्याकडे मनुष्यबळाचा प्रश्न म्हणून पाहिले आणि बदली शिक्षक शोधले. त्या मुलींना कारण विचारले असते तर कळले असते की तक्ते वेळेवर लावले नाहीत म्हणून ताईंनी एकीला सर्व मुलांसमोर झापले होते, आणि असे ते पहिल्यांदा घडले नव्हते.

दुसरी खूण ताईंना स्वतःला दिसली. नाताळापूर्वीच्या आठवड्यात त्या मंडळीतील एका वृद्ध मावशींना भेटायला गेल्या होत्या. मावशींचे शेवटचे दिवस होते. ताईंनी नेहमीप्रमाणे वचन वाचले, हात धरून प्रार्थना केली, आमेन म्हटले. मावशींनी डोळे उघडले आणि विचारले, “छान प्रार्थना केलीस ग. पण तुझं-त्याचं बोलणं होतं का?” ताई म्हणाल्या, “होतं की, मावशी.” पुढे त्यांनी मला सांगितले की उत्तर तोंडातून गेले त्या क्षणीच ते खरे नाही हे त्यांना कळले होते. मावशी नाताळाआधी गेल्या. अंत्यविधीची गीते निवडण्यापासून स्मशानभूमीत पाणी वाटण्यापर्यंत सगळी व्यवस्था ताईंनी चोख केली, आणि त्या रात्री घरी येऊन पतीला म्हणाल्या, “मला काहीच वाटलं नाही.”

जानेवारीत त्या पाळकीणबाईंकडे, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीकडे, गेल्या. लोकांसमोर म्हटलेली सोडली तर आपण शेवटची प्रार्थना कधी केली ते आठवत नाही, पवित्र शास्त्र उघडते ते फक्त धडा तयार करायला, आणि प्रभुभोजनाच्या वेळी मनात पुढच्या कार्यक्रमाची यादी चालू असते, असे त्यांनी सांगितले. पाळकीणबाईंनी ते ऐकून घेतले आणि ताबडतोब सल्ला दिला नाही. या प्रकरणात जे काही चांगले झाले त्याची सुरुवात मी या संयमापाशी धरते.

दुखणे नेमके कोणते, याविषयी मात्र चार मते होती. कमिटीतील ज्येष्ठांच्या मते हा थकवा होता आणि महाबळेश्वरला चार दिवस जाऊन आल्यावर तो गेला असता. पतीच्या मते कामे फार झाली होती. शहरातील एका नव्या, मोठ्या फेलोशिपमध्ये जाणाऱ्या मैत्रिणीच्या मते ताईंच्या मंडळीत आत्म्याचे कार्यच उरले नव्हते. ताईंचे स्वतःचे मत सर्वांत कठोर होते: आपला विश्वास गेला आहे, आणि तो गेला आहे हे लपवण्यासाठी आपण धावतो आहोत. यांतील प्रत्येक मतातून वेगळा उपाय निघत होता, म्हणून आधी निदान ठरवणे आवश्यक होते.

पाळकसाहेबांनी या टप्प्यावर दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक म्हणजे प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातील इफिस येथील मंडळी. तिचे श्रम, तिचा धीर, खोट्या शिक्षकांची तिने केलेली पारख, या सर्वांची प्रभू तेथे वाखाणणी करतो आणि मग सांगतो की तू पहिली प्रीती सोडली आहेस. श्रम खोटे होते असे तो म्हणत नाही. दुसरी गोष्ट आपल्याच भूमीतली होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यात आणली. तरीही पुढे आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी कबूल केले की त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतरची ही वर्षे त्यांच्या आयुष्यातील अत्यंत कामाची वर्षे होती. हे ऐकून ताईंना धीर आला, कारण आपली स्थिती लाजिरवाणी आणि एकमेव आहे असे त्या समजत होत्या.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग सर्व पदांचा एकदम राजीनामा देण्याचा होता, आणि ताईंचा कल तिकडेच होता. त्यात एक ओढ होती, आणि टिळकांचे उदाहरणही हाताशी होते: १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. परंतु टिळक मिशनमधून बाहेर पडले ते एका स्पष्ट पाचारणाच्या दिशेने. ताई बाहेर पडणार होत्या त्या रागातून. थोरांच्या आयुष्यातील मोठी पावले सामान्य माणसाने जशीच्या तशी टाकली की बहुधा पाऊल तेवढे उरते, त्यामागचे पाचारण उरत नाही. शिवाय ज्या स्त्रीने पंचवीस वर्षे दर तासाला काहीतरी केले आहे, तिला एकदम रिकामा आठवडा दिला तर त्या रिकामपणात ती काय करणार, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

दुसरा मार्ग मंडळी बदलण्याचा. मैत्रिणीच्या आग्रहावरून ताई त्या फेलोशिपला दोन रविवार जाऊनही आल्या. तेथील स्तुतिगीतांत त्यांना रडू आले आणि ते खरे होते, असे त्या सांगतात. पण दुसऱ्याच रविवारी उपासनेनंतर त्यांना मुलांच्या विभागात मदत कराल का, असे विचारण्यात आले, आणि आपण “हो” म्हणायला तोंड उघडले होते हे त्यांच्या लक्षात आले. मंडळी बदलून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांना तेथे उमगले.

तिसरा मार्ग तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेचा किंवा उज्जीवन सभांचा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवण्यासाठी भरणाऱ्या सभांचा. आपल्याकडे आध्यात्मिक कोरडेपणावर हाच उपाय प्रथम सुचतो. अशा सभांतून अनेकांची आयुष्ये बदललेली मी पाहिली आहेत, परंतु ताईंना सभा नवीन नव्हत्या. गेल्या कित्येक सभांच्या चहापाण्याची व्यवस्था त्यांनीच केली होती. कार्यक्रमांनी आलेल्या कोरडेपणावर आणखी एक कार्यक्रम द्यावा, हे पाळकसाहेबांना पटले नाही. त्यांनी कमिटीत शिकागोजवळील विलो क्रीक या प्रचंड मोठ्या मंडळीचा दाखला दिला. कार्यक्रमांतील सहभाग वाढला की देवावरील आणि माणसांवरील प्रीती आपोआप वाढते असे आमच्या पाहणीत दिसले नाही, हे त्या मंडळीच्या पुढाऱ्यांनी २००७ मध्ये जाहीरपणे मान्य केले होते. अमेरिकेतील हजारोंच्या मंडळीचा अनुभव आपल्या दोनशे घरांना कितपत लागू, असा प्रश्न एका पंचांनी विचारला आणि तो योग्यच होता. तरी चर्चेची दिशा त्यामुळे बदलली.

चौथा मार्ग पाळकीणबाईंनी सुचवला. त्या परिचारिका आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आत्म्याविषयी निर्णय घेण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. पहिल्या राजे १९ मध्ये एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. दोनदा झोपू देतो आणि दोनदा भाकर देतो. तपासणीत ताईंचे हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले, थायरॉईड ठीक होते, आणि डॉक्टरांनी झोपेविषयी व मनःस्थितीविषयी सविस्तर विचारून नैराश्याचे लक्षण नसल्याचे सांगितले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताईंना काही आठवड्यांत चालताना दम लागणे कमी झाले. प्रार्थनेचा प्रश्न होता तिथेच राहिला. त्यामुळे दोन्ही गोष्टी वेगळ्या करता आल्या.

शेवटी जो मार्ग ठरला तो असा: एक काम ठेवायचे, बाकीची तीन महिन्यांत सोपवायची, रोज ठराविक वेळ एकांतात घालवायचा, आणि पंधरवड्यातून एकदा कोणाजवळ तरी बसून त्याचा हिशेब द्यायचा.

काय केले

एक काम कोणते ठेवायचे, हा पहिला खरा निर्णयाचा क्षण होता. सर्वांनी गृहीत धरले होते की संडे स्कूल. मी ताईंना विचारले की अहवालात नाव छापणे उद्यापासून बंद झाले तर कोणते काम तुम्ही तरीही कराल. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आजाऱ्यांच्या भेटी. तिथं मला कोणी बघत नाही.” ज्या कामात त्या सर्वांत निपुण होत्या त्यातच त्यांचा राग सर्वांत जास्त बाहेर पडत होता, हे त्याच बोलण्यात पुढे आले. संडे स्कूल सोडायचे ठरले आणि कमिटीत खळबळ उडाली. “ताई, तुमच्यासारखं कोण करणार?” हे वाक्य त्या बैठकीत अनेकांच्या तोंडी होते. त्यात प्रेम होते, पण मंडळीने एका व्यक्तीवर किती टाकले होते याची कबुलीही होती. पाळकसाहेबांनी तेव्हा निर्गम १८ वाचले, जिथे इथ्रो मोशेला सांगतो की तू आणि हे लोकही अशाने झिजून जाल. लोकही, हे महत्त्वाचे. एकानेच सगळे केले की बाकीच्यांची वाढ खुंटते.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, एकांताची सुरुवात झाली. वेळ ठरली पहाटे सव्वापाचची, नळाला पाणी येण्यापूर्वीची. मार्ककृत शुभवर्तमान घ्यायचे, दिवसाला चार-पाच ओव्या, आणि त्या हळू वाचायच्या: आधी नुसते वाचन, मग एखाद्या शब्दापाशी थांबून मनन, मग त्याविषयी देवाशी बोलणे, आणि शेवटी काही न बोलता बसणे. बाराव्या शतकातील ग्विगो या मठवासीयाने या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवून कुठे कृतज्ञता वाटली आणि कुठे आपण देवापासून दूर गेलो हे पाहायचे. ही पद्धत इग्नेशियस लोयोला याने आपल्या जेझुइट संघाला लावून दिली. एका पंचांनी हरकत घेतली की हे सगळे कॅथलिकांचे आहे. ताईंनाही तो प्रश्न पडला होता. आम्ही १३९वे स्तोत्र उघडले, जिथे दाविद देवाला आपली झडती घ्यायला सांगतो, आणि रात्रीच्या वेळेसाठी त्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओव्याच घेतल्या. हरकत तेथे मिटली.

पहिले काही दिवस ताईंना हलके वाटले. तिसऱ्या आठवड्यात सगळे कोरडे झाले. वाचलेले लागत नव्हते, शांत बसले की शाळेचे हजेरीपट आठवत होते, आणि व्हीबीएसची तयारी कोणी सुरू केली नाही हे कळल्यावर परत कामाला लागावे असे त्यांना तीव्रतेने वाटले. हा दुसरा निर्णयाचा क्षण. त्या वेळी वाचनात पहिल्या अध्यायातील ३५ ते ३८ या ओव्या होत्या. पहाटे येशू एकांती प्रार्थना करत आहे, शिमोन शोधत येतो आणि सांगतो की सगळे लोक तुला शोधत आहेत. ताईंनी हा भाग मुलांना तक्त्यावर कितीदा शिकवला होता. आता पहिल्यांदा त्यांना दिसले की येशू कफर्णहूमच्या त्या रांगेकडे परत गेलाच नाही. आपण दुसरीकडे जाऊ, त्यासाठीच मी निघालो आहे, असे तो म्हणाला. बरे व्हायला आलेली माणसे मागे राहिली, तरी त्याला आपले काम ठाऊक होते. या चार ओव्यांवर त्या आठवडाभर राहिल्या. व्हीबीएस त्या वर्षी झाले नाही.

तिसरा क्षण सर्वांत अवघड होता. शांत बसले की ताईंना भावाची आठवण येत असे. वडील वारल्यानंतर शेताच्या सातबाऱ्यासाठी भावाने त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले होते. जमीन त्यांना नकोच होती. पण तारीख आणि वेळ एजंटाने फोनवरून कळवली, उपनिबंधक कार्यालयात सही झाली, आणि भाऊ तेथूनच निघून गेला. “सही करायला बोलावलं, जेवायला नाही,” असे ताई म्हणाल्या. सहा वर्षे त्या माहेरी गेल्या नव्हत्या, आणि मंडळीत कोणाला हे ठाऊक नव्हते. त्या सहा वर्षांत योसेफ आणि त्याच्या भावांची गोष्ट मात्र त्यांनी दरवर्षी शिकवली होती.

सुरुवातीला भावाची आठवण हा प्रार्थनेतील व्यत्यय आहे असे समजून त्या ती बाजूला सारत होत्या. अकराव्या अध्यायातील २५वी ओवी समोर येईपर्यंत हे चालले: प्रार्थना करायला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. व्यत्यय म्हणून जे ढकलत होतो तोच आपल्या प्रार्थनेचा विषय आहे, हे त्यांनी स्वतः ओळखले. मला ते सांगावे लागले नाही. मग प्रश्न आला की करायचे काय. पती म्हणाले, गप्प बसले आहे ते बरे आहे. ताईंना लगेच एस.टी. पकडावीशी वाटत होती. मी थांबायला सुचवले, कारण आपल्याला तिथे जाऊन काय हवे आहे असे विचारल्यावर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या की भावाने माफी मागावी. ती अपेक्षा घेऊन गेल्या असत्या तर नवे भांडण घेऊन परतल्या असत्या. पावसाळाभर त्या याच गोष्टीसाठी प्रार्थना करत राहिल्या, आणि शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत गेल्या.

काय झाले

भाऊ कांद्याच्या लागवडीत होता. ताईंनी बांधावरच सांगितले की तू मला जेवायला बोलावले नाहीस याचे मला वाईट वाटले आणि मी ते सहा वर्षे धरून बसले, आता सोडते आहे. भावाने उत्तर दिले नाही. भावजयीला भाकरी टाकायला सांगितली. जेवताना पाऊस आणि कांद्याचा भाव यांवर बोलणे झाले. निघताना त्याने अर्धे पोते बाजरी रिक्षात ठेवली. याला समेट म्हणावे की नाही हे मी ठरवणार नाही. माफी आजवर कोणी मागितलेली नाही, पण फोन येतात आणि जातात.

त्याआधी, जूनमध्येच, ताई त्या दोन्ही तरुण शिक्षिकांच्या घरी स्वतंत्रपणे गेल्या होत्या आणि काय चुकले ते नेमके सांगून क्षमा मागितली होती. एक मुलगी संडे स्कूलमध्ये परत आली. दुसरी आली नाही, आणि तिने पुन्हा यावे म्हणून ताईंनी आग्रह धरला नाही. पूर्वीच्या ताईंनी तो धरला असता, असे पाळकीणबाईंचे मत आहे आणि मला ते खरे वाटते.

प्रार्थनेविषयी ताईंचे म्हणणे साधे आहे. बहुतेक पहाटे काही विशेष घडत नाही. पण आता आजाऱ्यांजवळ प्रार्थना करताना त्या थोडे बोलतात, आणि कधी कधी नुसत्या बसतात. एका घरातून मला मुद्दाम कळवण्यात आले की ताई पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात.

काही गोष्टी बिघडल्याही. महिला मंडळाची उपस्थिती त्या वर्षी घटली, हंगामाच्या सणाचा लिलाव विस्कळीत झाला, आणि ताई थंड पडल्या अशी कुजबुज कित्येक महिने चालू राहिली. ताईंचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. तो उपासनेला येत नव्हता आणि अजूनही येत नाही. त्याच्यासाठी त्या रडतात. पूर्वी रविवारी सकाळी त्याच्याशी वाद होत असे, तो आता होत नाही, एवढाच तेथे फरक आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत ठळक चूक मंडळीला दिलेल्या माहितीत झाली. ताई ‘वैयक्तिक कारणास्तव’ पदे सोडत आहेत अशी सूचना उपासनेनंतर वाचण्यात आली. त्यातून आजारपण, घरातील कलह, पाळकसाहेबांशी मतभेद, असे सर्व तर्क निघाले. ताई खरे कारण सांगायला तयार होत्या. मंडळीला धक्का बसेल म्हणून कमिटीने ते टाळले. माझ्या मते ‘ताई यंदा प्रार्थनेसाठी वेळ राखून ठेवत आहेत’ असे सरळ वाक्य पुरले असते, आणि ते ऐकून आणखी दोघा-तिघांनी तरी स्वतःकडे पाहिले असते.

कामे सोपवायला तीन महिने दिले, ते अपुरे होते. ताईंना सगळे तोंडपाठ असल्यामुळे कशाचीही लेखी नोंद नव्हती: कोणत्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे इथपासून पेटीच्या चाव्या कोणाकडे असतात इथपर्यंत. हे हस्तांतर जोडीने, एका पूर्ण वर्षाच्या फेऱ्यात झाले असते तर व्हीबीएस वाचले असते. अर्थात तेवढे थांबायला सांगितले असते तर ताई थांबत थांबत पुन्हा त्यातच राहिल्या असत्या, अशीही शक्यता होती, आणि या दोहोंत निवड करायची झाली तर मी व्हीबीएस जाऊ देईन.

सोबत बसणारी व्यक्ती त्याच मंडळीतील असावी का, याचा विचार आधी झाला नाही. मी ताईंना पुष्कळ वर्षे ओळखत असल्याने विश्वास लवकर बसला. पण कमिटीविषयी बोलताना त्या शब्द तोलत, कारण त्या माणसांशी माझेही संबंध आहेत. शेजारच्या मंडळीतील अनुभवी व्यक्ती शोधली असती तर ते बोलणे अधिक मोकळे झाले असते. पुण्यात धर्मशिक्षणाच्या संस्था आणि निवृत्त पाळक पुष्कळ आहेत. हे अशक्य नव्हते.

मूळ उणीव मात्र याहून जुनी आहे. पंचवीस वर्षांत मंडळीने ताईंना कामाविषयी हजारदा विचारले होते. देवाशी तुमचे कसे चालले आहे, हे विचारण्याची जागा मंडळीच्या कोणत्याही बैठकीत नव्हती, आणि ते विचारले ते मरणाच्या दारातील एका वृद्धेने. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठी झालेली मुले आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीच्या, वर्गात हा प्रश्न आपण मुलांना विचारतो. त्यानंतर आयुष्यभर विचारत नाही. पाळकसाहेबांनी आता पंचांच्या घरभेटींत तो विचारायला सुरुवात केली आहे. काही पंच अवघडले, एकांनी विषय बदलला, आणि एका निवृत्त पंचांनी पाळकसाहेबांना दोन तास बसवून घेतले.

एका व्यक्तीकडे दोनपेक्षा जास्त पदे असू नयेत, असा ठराव यंदाच्या वार्षिक सभेत मांडला गेला आणि पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. संडे स्कूलचे प्रमुखपद अजून रिकामे असून दोन तरुण ते आळीपाळीने पाहतात. कमिटीने ताईंना परत येण्याविषयी विचारले आहे. त्यांनी नकार दिलेला नाही. मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना एकांती घेऊन जातो आणि लोकसमुदाय त्यांच्या आधीच तेथे पोहोचतो, तेव्हा त्याला त्यांचा कळवळा येतो, हेही त्यांनी वाचलेले आहे. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) त्यांनी वेळ मागून घेतला आहे, आणि कमिटीने तो दिला आहे.